जमीन करणाऱ्याचं नाव

गावाकडून पुण्यात आलेल्या पोरांचे इन्स्टावरचे बायो वाचा. ‘शेतकऱ्याचा पोरगा’, आणि शेजारी ट्रॅक्टरचा नाहीतर बैलजोडीचा इमोजी. गाडीच्या मागच्या काचेवर ‘शेतकरीपुत्र’. ‘शेतकरणीचा पोरगा’ असं लिहिलेलं मला आजवर एकदाही दिसलेलं नाही. दिसेल असंही वाटत नाही. ‘शेतकरीण’ म्हटलं की आपल्याला शेती करणारी बाई आठवतच नाही, शेतकऱ्याची बायको आठवते. पाटलीण, मास्तरीण, सरपंचीण यांच्याच माळेतला तो शब्द, नवऱ्याच्या पदाला मागून जोडलेला.

भाषेची गंमत म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण ही गंमत आता सरकारी सर्व्हरवर चढवली जाते आहे, म्हणून लिहायला बसले.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते, सहा वर्षं झाली. काम मुख्यतः डेटाबेसचं. कोणतंही टेबल बनवताना पहिला प्रश्न एकच असतो : इथली एक ओळ म्हणजे काय? एक माणूस? एक घर? एक व्यवहार? हे चुकलं की पुढचं सगळं चुकतं. रिपोर्ट देखणे येतात, डॅशबोर्ड हिरवागार दिसतो, आणि सगळं खोटं असतं.

केंद्राच्या ‘अ‍ॅग्रीस्टॅक’खाली प्रत्येक शेतकऱ्याला एक ओळख क्रमांक मिळतो, ज्याला गावात सगळे ‘फार्मर आयडी’ म्हणतात. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी तो बंधनकारक झाला. गावोगावी कॅम्प लागले, सीएससी सेंटरवर रांगा लागल्या. आधार आणि सातबारा घेऊन जायचं, दोन्ही जोडले जातात, नंबर येतो. ठिबकचं अनुदान, अवजारं, पीकविमा, सगळं त्या नंबराला टांगलेलं. आता वरचा प्रश्न विचारा. या टेबलातली एक ओळ म्हणजे काय? शेती करणारा माणूस? नाही. सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस.

या हिशेबानं माझा एक चुलतभाऊ शेतकरी आहे. तो बेंगळुरूला असतो, गावी दिवाळीत येतो, तेही रस्ते बरे असतील तर. काका गेल्यावर वारसनोंद झाली, नाव लागलं, आयडी निघाला. माझी आई तेहतीस वर्षं त्याच शिवारात राबते आहे. ती शेतकरी नाही. तिच्या आधारला जोडायला सातबाराच नाही. कॅम्पवर ती गेली होती, अण्णांचा ओटीपी वाचून दाखवायला. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही.

आमचं गाव माढा तालुक्यात. चार एकर. दोन एकर ऊस, बाकी कांदा, ज्वारी, बांधाला तूर, दोन एचएफ गाई. अण्णा आळशी नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर कमेंटमध्ये ‘बाप्याची किंमत नाही यांना’ सुरू होईल. रात्रीच्या लाइटीला उसाला पाणी तेच धरतात, फवारणी तेच करतात, पाठीवर पंप घेऊन, तोंडाला टॉवेल गुंडाळून. पण कांद्याचं बघा. रोप टाकायचं, वाफ्यात एकेक काडी लावायची, खुरपायचं, काढायचा, पात काटायची, मग बारीक-मोठा निवडून पिशव्या भरायच्या. यातली लागण, खुरपणी, काटणी आणि निवडणी ही बायकांची कामं. लागणीला दिवसभर ओणवं राहायचं, काटणीला दिवसभर उकिडवं बसायचं. पिशव्या गाडीत चढल्या, की त्या सोलापूरच्या मार्केटला अण्णांबरोबर जातात आणि परत येते ती पट्टी. पट्टीवर नाव अण्णांचं. भाव पडला तर आई रडते, पण कागदावर तोटा अण्णांना झालेला असतो.

दुधाचं तर याहून भारी. पहाटे साडेचारला उठून शेण काढणं, कुट्टी करणं, वैरण टाकणं, धार काढणं, दुपारी बांधावरचं गवत कापून डोक्यावरून आणणं, संध्याकाळी पुन्हा धार. हे सगळं आईचं. गाय माजावर आली हे आईला कळतं, तिचं सड सुजलं हे आईला कळतं, आणि डॉक्टरला फोन अण्णा करतात. मग अण्णा गाडीला कॅन लावून संकलन केंद्रावर जातात, सात मिनिटांत. केंद्रावरचा कोड नंबर त्यांचा, फॅटची पावती त्यांची, दर दहा दिवसांनी बिल त्यांच्या खात्यावर. सात मिनिटं गाडी चालवणाऱ्याचं नाव दुधाला लागतं.

‘अगं पण घर एकच आहे ना, पैसे कुणाच्याही खात्यावर आले तर काय?’ हा प्रश्न मला पुरुषांनी कमी आणि बायकांनी जास्त विचारला आहे. त्यावर मी एवढंच म्हणते, घर एकच असेल आणि नाव कुणाचंही चालत असेल, तर तिचं लावा. मग बघा घर किती एक आहे ते.

हे आजचं नाही. जुना, हातानं लिहिलेला सातबारा कुणाच्या घरी ट्रंकेत असेल तर काढून बघा. गाव नमुना सातवर मालकी असते, बारावर पिकं. त्या जुन्या नमुना बारावर एक रकाना असायचा, ‘जमीन करणाऱ्याचे नाव’. मला हा रकाना फार आवडतो. मालकाचं नाव वर असताना करणाऱ्याचं नाव वेगळं विचारलंय, म्हणजे मालक आणि करणारा दोन वेगळी माणसं असू शकतात, हे सरकारला ठाऊक होतं. मालकच कसत असेल तर तिथं ‘खुद्द’ असा शेरा पडायचा.

या एका रकान्यावर महाराष्ट्रात इतिहास घडला आहे. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ‘कसेल त्याची जमीन’. कागदावर मालक सावकार किंवा इनामदार असला तरी नांगर धरणारा दुसरा आहे, आणि हक्क नांगर धरणाऱ्याचा आहे, असं राज्यानं कायद्यानं सांगितलं. लाखो कुळं मालक झाली. आज जे ‘शेतकरीपुत्र’ आहेत, त्यांच्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांना जमीन मिळाली ती मालकी बघून नव्हे. काम बघून मिळाली.

आणि त्याच कायद्यात, कलम २ मध्ये, ‘जातीने कसणे’ याची व्याख्या आहे. स्वतःच्या श्रमानं कसणं म्हणजे जातीने कसणं. कुटुंबातल्या कोणत्याही व्यक्तीच्या श्रमानं कसणं म्हणजेही जातीने कसणं. स्वतःच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या देखरेखीखाली मजूर लावून कसणं, तेही त्यातच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. बायकोनं रान खुरपलं, तर कायद्याच्या भाषेत नवऱ्यानं जातीने कसलं. तिचे श्रम त्याच्या ‘खुद्द’मध्ये जमा. व्याख्या कुळांच्या भल्यासाठी होती, मान्य. पण सावकार आणि कूळ यांच्यातला फरक ओळखणाऱ्या कायद्याला नवरा आणि बायको यांच्यातला फरक दिसला नाही. बाई तिथं कुटुंबाचा अवयव होती. हात कसतो म्हणून हाताला कुणी जमीन देतं का?

ही मोजदादीची सवय पुढं सगळीकडं पसरली. सरकारचं रोजगार सर्वेक्षण, पीएलएफएस, यात प्रत्येक माणसाला त्याच्या कामाचा एक कोड मिळतो. ११ म्हणजे स्वतःचा धंदा किंवा शेती करणारा. २१ म्हणजे घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम आणि शिवाय घरासाठी सरपण, भाजीपाला, जनावरांचा चारा वगैरे गोळा करणं. ९२ आणि ९३ वाले श्रमशक्तीच्या बाहेर धरले जातात. आता एका माणसाला एक मुख्य कोड द्यायचाय, आणि प्रश्नावलीवाला अंगणात उभा राहून ‘या काय करतात?’ असं अण्णांना विचारतोय. अण्णा म्हणणार, ‘घरीच असते.’ कोड ९२. गवताचा भारा नुकताच डोक्यावरून उतरवून ती पाणी पीत असेल, तरीही.

ग्रामीण बायकांचा श्रमातला सहभाग २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४७.६ टक्के झाला. सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. यावर पेपरांत अग्रलेख आले, नारीशक्ती वगैरे. पण देशातल्या काम करणाऱ्या बायकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त या ‘२१’ मध्ये आहेत, म्हणजे बिनपगारी मदतनीस. आई ९२ मधून २१ मध्ये गेली, तर आकडा वाढतो. तिच्या हातात काय वाढतं? आणि ‘मदतनीस’ हा शब्द तरी किती बेशरम आहे. गोठा तिच्यावाचून दोन दिवस चालत नाही, आणि मदत ती करते.

दुसरं सर्वेक्षण वेळेच्या वापराचं. २०१९ मध्ये घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. पुरुषांपैकी जे या कामाला हात लावतात, त्यांचा ९७ मिनिटं. २०२४ मध्ये बायकांचा आकडा २८९ वर आला. गॅस आला, नळ आला, छान. पुरुषांचा आकडा ८८ वर आला. बाईचा भार दहा मिनिटांनी हलका झाला, तर बाप्यानं लगेच नऊ मिनिटं स्वतःची कमी करून घेतली.

घरकामाला किंमत देणारी एक जागा मात्र या देशात आहे, ती म्हणजे मोटार अपघाताची नुकसानभरपाई. गृहिणी अपघातात गेली, तर तिच्या कामाचं ‘मानीव उत्पन्न’ किती धरायचं यावर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. २०१० च्या एका निकालात न्यायालयानं सुनावलं होतं, की २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना काम न करणाऱ्यांत घालून भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवलं आहे. २०२१ च्या निकालात वेळेच्या वापराचं तेच सर्वेक्षण दाखल्याला घेतलं आहे. निकाल चांगले आहेत. पण तिच्या कामाचा भाव कळायला तिला ट्रकखाली जावं लागतं, हे कुणाला विचित्र वाटत नाही का?

आता तुम्ही म्हणाल, लाडकी बहीण आहे की. जुलै २०२४ पासून महिन्याला १५०० रुपये. त्या पैशाला नाव ठेवणारी मी नाही. आईनं पहिल्या हप्त्यातून स्वतःसाठी चपला घेतल्या आणि अण्णांना न विचारता घेतल्या, हे मी विसरणार नाही. पण योजनेचं नाव बघा. बहीण. नात्यानं मिळतंय, भावाच्या मर्जीनं, ओवाळणीसारखं. ज्या बाईच्या नावावर खरंच जमीन आहे आणि जिला पीएम किसान आणि नमो शेतकरी या दोन्हींचे मिळून महिन्याला हजार पडतात, तिला बहीण म्हणून फक्त वरचे ५०० मिळतात. म्हणजे शेतकरी होण्यातून बाईला जास्तीचं एक रुपया नाही.

जमीन नावावर असणं ही नुसती भावनेची गोष्ट नाही. गावात सत्ता त्या नावावरून चालते. विकास सोसायटीचं सभासदत्व, पीककर्ज, कारखान्याचा शेअर, सभासदाची साखर, संचालकाच्या निवडणुकीतलं मत, सगळ्याची सुरुवात सातबाऱ्यानं. ग्रामपंचायतीत बायकांना निम्म्या जागा आहेत, सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात दोन. ग्रामपंचायतीत गटारीचा ठराव होतो. उसाचा दर कुठं ठरतो, ते तुम्हाला माहीत आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांत बायका सुमारे १४ टक्के होत्या. त्यातही नाव लागलं ते नवरा गेल्यावर लागलं, अशी उदाहरणं तुमच्या-माझ्या गावात मोजा.

मुलींना वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ ला आला, देशभर २००५ ला. त्यावर आम्ही उत्तर शोधलं, हक्कसोडपत्र. बहिणीला जेवायला बोलवायचं, साडी नेसवायची, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन सही घ्यायची. मागच्या वर्षी मलाही बोलावणं आलं होतं. ‘तुला कशाला पाहिजे, तू लाखात कमावतीस.’ बेंगळुरूचा भाऊ माझ्याहून जास्त कमावतो, त्याला हा प्रश्न कुणी विचारला नाही. मी सही केलेली नाही. तेव्हापासून आत्याही माझ्याशी नीट बोलत नाही. तिनं तिची सही १९९८ मध्येच दिली होती.

इथं एक गोष्ट नीट बोलली पाहिजे. सातबारा, सातबारा असं मी म्हणते आहे, कारण आमच्याकडं चार एकर आहेत. आईच्या बरोबरीनं आमच्या कांद्यात ओणव्या होणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांच्या घरात कुणाच्याच नावावर गुंठाभर रान नाही, नवऱ्याच्याही नाही, सासऱ्याच्याही नाही. जमीन कोणत्या जातींकडं आहे, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. आमच्याकडं बाईचा रोज ३०० आणि गड्याचा ५००, समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच आला होता. ऊसतोडीला तर बाई एक आकडाही नसते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल मुकादम नवऱ्याच्या हातात देतो आणि ती दोघांनी फेडायची. पाळीच्या दिवसांतही खाडा नको म्हणून काय होतं, ते बीडमध्ये दिसलं. २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायका तपासल्या, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावा, एवढीच मागणी केली तर या बायकांना त्यातून काहीच मिळणार नाही. म्हणून माझं भांडण मालकीपेक्षा व्याख्येशी आहे. शेतकरी कोण, हे काम बघून ठरवा.

ही मागणी मी उठवलेली नाही. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणातच शेतकऱ्याची व्याख्या शेतमजूर, वाटेकरी, जनावरं पाळणारे अशा सगळ्यांना धरून केलेली आहे. डॉ. एम. एस. स्वामिनाथन राज्यसभेत असताना त्यांनी महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक आणलं, २०११ चं. ग्रामसभेच्या मान्यतेनं ग्रामपंचायतीनं शेती करणाऱ्या बाईला ‘महिला शेतकरी’ म्हणून दाखला द्यावा, नावावर जमीन असो वा नसो, असं त्यात होतं. विधेयक चर्चेविनाच बारगळलं. ज्या ग्रामसभेला कोण दारिद्र्यरेषेखालचं आहे हे ठरवता येतं, तिला शिवारात कोण राबतं हे ठरवता येणार नाही? गावात हे पोराटोरांनाही माहीत असतं.

आणि कृपा करून ‘सिस्टीममध्ये तशी सोय नाही’ असं सांगू नका. हे वाक्य मी क्लायंटला रोज ऐकवते, त्याचा अर्थ मला कळतो. सोय नाही म्हणजे कुणी मागितली नाही. शेतकरी आणि जमीन ही दोन वेगळी टेबलं करायची आणि मधे एक तिसरं, कोण कोणत्या नात्यानं त्या जमिनीशी बांधलेलं आहे ते सांगणारं : मालक, वाटेकरी, कसणारी, मजूर. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला हे शिकवतात. जुन्या तलाठ्याच्या नमुन्यात ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ विचारणारा रकाना होता, आणि आपल्या क्लाऊडवरच्या नोंदवहीत तो नाही. एवढा मागासलेला डेटाबेस मी नोकरीत दिला असता तर रिव्ह्यूमध्येच परत आला असता.

घरातल्या घरात करण्यासारखं एक आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं चांदवडला बायकांचं अधिवेशन घेतलं, त्याला लाखांवर बायका आल्या. त्यातून पुढं ‘लक्ष्मी मुक्ती’ निघाली, म्हणजे नवऱ्यानं आपल्या हयातीत बायकोच्या नावे जमीन करून द्यायची. शंभर घरांनी तसं केलं की त्या गावाचा सत्कार. १९९२ ला सरकारनंही याच नावाची योजना काढली. नवऱ्यानं साधा अर्ज द्यायचा आणि बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. तीस वर्षांहून जास्त झाली. तुमच्या गावात कितीजणांनी केलंय, विचारून बघा. ज्यांचा बायो ‘शेतकऱ्याचा पोरगा’ आहे, त्यांनी तर आधी घरी विचारा.

अण्णांना मी तीन वेळा सांगितलं. पहिल्यांदा म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, आत्ता ऊस जाऊ दे. तिसऱ्यांदा म्हणाले, सोसायटीच्या कर्जाला काही अडचण येईल का, ते सेक्रेटरीला विचारून सांगतो. सेक्रेटरी महिनाभर भेटलेला नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली, ‘सातबाऱ्याचं राहू दे, आधी दुधाच्या कोडवर माझं नाव लाव. त्याला तलाठी लागत नाही.’ केंद्रवाल्यानं तिचं आधार आणि पासबुकाची झेरॉक्स मागितली आहे.